प्लास्टिकच्या बंपरला गंज?

भोसरीत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून फॅब्रिकेशनची शेड आहे. दिवसभर ग्राइंडर चालतो. दिवाळीत गाडी धुताना पांढऱ्या बॉनेटवर खसखशीएवढे तांबूस ठिपके दिसले. शाम्पूने जाईनात, बोट फिरवलं की खरखर. अडीच वर्षांची गाडी, हप्ते अजून चालू. पोटात गोळाच आला.

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी साफ करून चमकवण्याच्या, दुकानात नेली. तिथल्या पोराने मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, पत्रा आतून गंजतोय. पावसाळ्यापर्यंत भोकं पडतील." गंजाची ट्रीटमेंट आणि वर कोटिंग, साडेबारा हजार. भीतीपोटी लगेच हो म्हटलं. गाडी आरशासारखी होऊन आली, पण जूनच्या पहिल्या पावसानंतर ठिपके त्याच जागी हजर! दुकानदार म्हणतो, हा नवीन गंज आहे.

मग एका जुन्या पेंटरला दाखवली. त्याने बॉनेट सोडून आधी बंपर पाहिला. तिथेही तेच ठिपके. "साहेब, हा प्लास्टिकचा. ह्याला गंज कुठून लागेल?" ग्राइंडरमधून उडालेला लोखंडाचा गरम कीस रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रुततो आणि दमट हवेत तो कीसच गंजतो. खालचा पत्रा शाबूत असतो. रेल्वे रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचंही हेच होतं.

त्याने सावलीत, थंड पत्र्यावर आयर्न रिमूव्हर (लोखंडाचा कीस विरघळवणारं द्रव) फवारला. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला आणि बघता बघता एकेका ठिपक्यातून जांभळे ओघळ उतरले. वाळायच्या आत धुऊन काढलं, उरलेल्या ठिपक्यांवर साबणाच्या पाण्यात क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) हलक्या हाताने फिरवला. मग खरखर उरली का ते बघायला माझ्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हात फिरवायला लावला. काचेसारखं गुळगुळीत! हे सगळं हजार-बाराशेत. (काळे चिकट ठिपके असतील तर ते डांबराचे, त्यांना टार रिमूव्हर लागतो.)

खरं नुकसान नंतर कळलं. त्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. छतावर ११२ मायक्रॉन, बॉनेटच्या कडेला ६८. दुकानाने ट्रीटमेंटच्या नावाखाली कंपाउंड (रंग घासणारी पेस्ट) लावून मशीन दाबून फिरवलं होतं. ठिपक्यांची टोकं घासली गेली, कीस आत तसाच राहिला आणि त्यावरच कोटिंग चढवलं. घासला गेलेला क्लिअर कोट आता बॉनेट पुन्हा रंगवल्याशिवाय भरून यायचा नाही.

दुकानात जाब विचारला तर पावती मागितली. पैसे देताना "बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल काका" म्हणाले होते, तेव्हा मी नको म्हटलं होतं. तक्रार करायला आज माझ्या हातात एक कागद नाही.