खानापुरातील डीटीपी कामासाठी एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी येथे डीटीपी करणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्ही सांभाळावे लागते. सरकारी कामाचा कन्नड मजकूर नुडीत, तर लग्नपत्रिका श्रीलिपीत तयार होतात. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजवरची असल्यामुळे विंडोज काढून टाकता येत नाही. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. म्हणून इंटरनेटच्या कामांसाठी त्याच लॅपटॉपवर शेजारी लिनक्स मिंट २२ या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमची (संगणक चालवणाऱ्या प्रणालीची) हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली.

दोन प्रणालींमुळे लॅपटॉप मंदावतो, हा समज चुकीचा आहे. एका वेळी एकच प्रणाली चालू असल्याने सगळी रॅम तिलाच मिळते. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका प्रणालीच्या आत दुसरी चालवताना, मात्र ती दोघांत वाटली जाते आणि ४ जीबीचे यंत्र तेथे खरोखरच अडखळते. मंदपणाचे खरे कारण बहुधा डिस्कमध्ये असते. दोन प्रणालींसाठी डिस्कची वाटणी करताना विंडोजच्या सी ड्राइव्हला जेमतेम जागा ठेवली, तर अपडेट आणि तात्पुरत्या फायलींनी तो भरून जातो, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रत्येक फाइलसाठी थांबावे लागते. तिच्याजागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर दोन्ही प्रणालींत पडलेला फरक इतका मोठा आहे की, रॅम वाढवण्यापूर्वी तोच खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करणे आवश्यक आहे, कारण ते चालू असताना बंद केलेले विंडोज प्रत्यक्षात अर्धवट झोपलेले असते आणि मिंटमधून त्याच्या ड्राइव्हवरील फायली वाचता आल्या तरी बदलता येत नाहीत. विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडले, तर मिंटला स्थानिक वेळ वापरण्यास सांगावे.

मिंटमध्ये मला सर्वाधिक आवडले ते टंकलेखन. मराठी आणि कन्नड इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची कळांची मांडणी) एका कळीने बदलतात, आणि दोन्हींत समान उच्चाराची अक्षरे त्याच कळांवर असल्याने हात नव्याने बसवावा लागत नाही. श्रीलिपीतील जुन्या फायली मात्र मूळ फॉन्टशिवाय निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात आणि कोरलड्रॉ हे छपाईच्या आराखड्याचे सॉफ्टवेअर येथे चालत नाही. त्यामुळे छपाईचे काम अजून विंडोजवरच करावे लागते.