झेब्राफिशवरील जखम-चाचणी सेवा : चित्रण उत्तम, निष्कर्ष मात्र तपासून घ्यावेत

आमच्या गटाकडे एक संयुग होते. काचपात्रात वाढवलेल्या त्वचापेशींच्या थरावर ओरखडा काढला, की या संयुगाच्या सान्निध्यात पेशी ती भेग लवकर बुजवत, एवढेच आम्हाला ठाऊक होते. उंदरांकडे वळण्यापूर्वी जिवंत प्राण्याच्या जखमेवर त्याचा परिणाम पाहावा, या हेतूने एका कंत्राटी संशोधन प्रयोगशाळेची झेब्राफिशवरील जखम-चाचणी सेवा आम्ही दोन वेळा घेतली. सेवेचे दोन भाग आहेत. पहिल्यात तीन दिवसांच्या पिल्लांच्या शेपटीच्या पराचे टोक कापून ते पुन्हा कसे वाढते हे पाहतात, तर दुसऱ्यात पूर्ण वाढलेल्या माशाच्या कुशीवर जखम करून त्वचा कशी भरून येते हे पाहतात. माहितीपत्रकात दोन्हींना ‘त्वचा-जखम चाचणी’ असे एकच नाव दिलेले आहे, आणि माझ्या मते घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

पिल्लांवरच्या चाचणीत या प्रयोगशाळेचा हात खरोखरच बसलेला आहे. ट्रायकेनची भूल देऊन पराची घडी, म्हणजे पिल्लातला पराचा पातळ, अपुरा वाढलेला पडदा, नोटोकॉर्डच्या (पाठीतल्या लवचीक आधारदांड्याच्या) टोकाला धक्का न लावता कापलेली होती. नोटोकॉर्ड दुखावला गेला की पुढच्या वाढीची वाट आणि वेग दोन्ही बदलतात, त्यामुळे काप कुठे पडतो हे महत्त्वाचे असते. आम्हाला मिळालेल्या जवळजवळ सर्व छायाचित्रांत काप एकाच जागी होता. पिल्ले पारदर्शक असल्याने आणि त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी (जखमेकडे आधी धावणाऱ्या श्वेतपेशी) हिरव्या चमकतील अशी वाणाची निवड केलेली असल्याने, कापानंतर या पेशी रक्तवाहिन्यांच्या बाजूने जखमेकडे कशा सरकतात हे चलचित्रात थेट दिसते. काही पेशी काम झाल्यावर तिथेच न मरता माघारी फिरतानाही दिसल्या. उंदराच्या किंवा माणसाच्या जखमेत ही हालचाल इतक्या सहजपणे डोळ्यांनी पाहता येत नाही, आणि या माशाचा सर्वांत मोठा उपयोग मला तरी हाच वाटतो. कापलेल्या कडेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा दूर जाताना विरळ होत जाणारा पट्टा तयार होतो आणि तो श्वेतपेशींना बोलावतो, ही गोष्ट २००९ मध्ये याच माशाच्या पिल्लांच्या शेपटीवर दाखवली गेली, यात त्यामुळेच नवल नाही.

आता तक्रारीचा भाग. पहिल्या अहवालात आमच्या संयुगाला ‘ठळक दाहशामक परिणाम’ असल्याचे लिहिले होते. संयुग दिलेल्या पिल्लांच्या जखमेवर न्यूट्रोफिल कमी जमले होते आणि जखमेची कडही सावकाश मिटली होती. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण ज्या संयुगाने काचपात्रात पेशींना वेग दिला त्यानेच इथे जखम मिटणे लांबवावे, हे काही पटेना. पद्धतीच्या परिशिष्टात शोध घेतल्यावर एका ओळीत उत्तर सापडले. आमचे संयुग भ्रूणांच्या नेहमीच्या पातळ द्रावणात नीट विरघळत नसल्याने ते खारट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवले होते आणि पिल्लेही त्याच बफरमध्ये ठेवली होती, तर तुलनेचा गट मात्र साध्या द्रावणात होता.

हा फरक किरकोळ नाही. झेब्राफिश गोड्या पाण्यातला मासा आहे. त्याच्या शरीरातल्या द्रवाच्या मानाने बाहेरचे पाणी फारच कमी क्षारांचे असते, त्यामुळे त्वचा फाटताच ते पाणी आत शिरते, कडेच्या पेशी फुगतात आणि ते फुगणेच इजेचा एक संकेत ठरते. श्वेतपेशींना बोलावणे आणि बाह्यत्वचेच्या पेशींची जखमेकडे धाव, दोन्ही त्यावर काही अंशी अवलंबून असतात. बाहेरच्या द्रावणाची क्षारता आतल्या द्रवाइतकी केली की हा संकेत मंदावतो. म्हणजे अहवालात ज्याला औषधाचा गुण म्हटले होते, तो बहुतांशी मिठाचा गुण असू शकत होता. दोन्ही गट एकाच द्रावणात ठेवून चाचणी पुन्हा करावी, असा आग्रह आम्ही धरला. तिच्यात न्यूट्रोफिलांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. प्रयोगशाळेने चूक मान्य करून फेरचाचणी विनातक्रार केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. परंतु या क्षेत्रात काम करणाऱ्यांना जी गोष्ट ठाऊक असणे अपेक्षित आहे ती गिऱ्हाइकाने दाखवून द्यावी लागावी, हे काही भूषणावह नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रौढ माशांवरची चाचणी मागवली, कारण पिल्लाच्या पराची घडी ही खऱ्या अर्थाने त्वचेची जखम नव्हेच. त्या वयात बाह्यत्वचा दोनच थरांची असते, खवले नसतात, अंतस्त्वचा पुरती तयार झालेली नसते. तिथे जे दिसते ते त्वचा भरून येण्यापेक्षा एक अवयव पुन्हा उगवण्याच्या अधिक जवळचे आहे. प्रौढ माशाच्या कुशीवर जखम करण्याची पद्धत कोलोन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये सविस्तर मांडली. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात तशा लेझरने त्वचेच्या पूर्ण जाडीची छोटी जखम केली, की बाह्यत्वचा रक्ताची गाठ किंवा दाह यांची वाट न पाहता लगेच सरकू लागते. दाह दाबून टाकला तरी तिची वाटचाल चालू राहते. खाली तयार होणारी ग्रॅन्युलेशन ऊती, म्हणजे जखम भरताना येणारी तात्पुरती नवी ऊती, मात्र दाहावर अवलंबून असते, ती पुढे ओसरते आणि मागे फारसा व्रण राहत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आमच्या नमुन्यांच्या काचपट्ट्यांवर हाच क्रम स्वच्छ दिसला, आणि त्या पट्ट्यांचे रंजन (ऊतीला रंग देणे) इतके नेटके होते की कोलॅजेन या त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंची मांडणी वेगळी सांगावी लागली नाही.

अर्थात, या माशाच्या त्वचेवर खपली धरत नाही, बाहेर मृत शृंगी पेशींचा कोरडा थर नाही, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथीही नाहीत. माणसाच्या जखमेत बाह्यत्वचेला खपलीखालून वाट काढावी लागते आणि केसांच्या मुळांतून पेशींची कुमक मिळते. या दोन्ही बाबतींत मासा काहीच सांगू शकत नाही. मलम तपासायचे असेल तर अडचण अधिकच वाढते, कारण ते पाण्यात टिकत नाही आणि औषध पाण्यात मिसळूनच द्यावे लागते. मग त्याचा किती अंश जखमेतून आत गेला आणि किती कल्ल्यांतून, हे वेगळे काढता येत नाही. एवढे असूनही अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘मानवी त्वचेसाठी आश्वासक’ असे छापील वाक्य होतेच. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक समकक्ष जनुक आहे हे खरे, पण त्या आधारावर हे वाक्य लिहिता येत नाही. आम्ही ते काढून टाकायला सांगितले.

मोजमापाबद्दल एक अपेक्षा अपुरी राहिली. छायाचित्रे मोजणाऱ्या व्यक्तीला कोणता गट कोणता हे माहीत नव्हते का, याचा अहवालात कुठेही उल्लेख नव्हता. विचारल्यावर ‘बहुधा नसावे’ असे उत्तर आले, म्हणून मूळ छायाचित्रांवरून आम्हीच पुन्हा मोजणी केली. आकडे फारसे बदलले नाहीत. मूळ फाइली मागितल्याबरोबर कोणतीही खळखळ न करता मिळाल्या, त्यामुळे हे शक्य झाले. ही सेवा घेणाऱ्याने मागणीपत्रातच मूळ छायाचित्रे, दोन्ही गटांचे द्रावण आणि पिल्लांचे नेमके वय या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जखमेवर पहिल्या काही तासांत काय घडते याचाच प्रश्न असेल, तर पिल्लांची चाचणी मागवावी. व्रणाविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर प्रौढ माशांची मागवावी आणि तिला लागणारे आठवडे वेळापत्रकात आधीच धरावेत. आम्ही ते धरले नव्हते, आणि उंदरांवरच्या प्रयोगाची परवानगी हाती आली तेव्हा शेवटच्या काचपट्ट्या अजून रंजनासाठी रांगेतच होत्या.