ऑटोमॅटिक पिकअपला जादा ऑइल कूलर: सोलापूरच्या उन्हात ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी

सोलापूर भागात टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपची ऑटोमॅटिक घेणारे अजून मोजकेच. पण ही गाडी शेताच्या आणि धंद्याच्या कामालाही लागते. मागे कधी दोन हजार लिटरचा पाण्याचा टँकर असतो, कधी जनरेटरची ट्रॉली, कधी मिनी एक्स्कॅव्हेटर चढवलेला ट्रेलर. अशा गाडीचा गिअरबॉक्स दणकट करायचा म्हटलं की चार वस्तू पुढे येतात: जादा ऑइल कूलर, खोल ऑइल पॅन (जास्त ऑइल मावणारं तळाचं भांडं), लॉक-अप किट आणि व्हॉल्व्ह बॉडीतले (गिअर बदलायला ऑइलचा दाब वळवणाऱ्या भागातले) बदल. आमचं मत आधीच सांगून टाकतो. कूलर घ्या, तापमान दिसेल अशी सोय करा, ऑइल बदला. बाकी तीन वस्तूंचे पैसे ट्रेलरच्या ब्रेकवर घाला.

ऑटोमॅटिकचे दात सहसा तुटत नाहीत, तो गरम होऊन मरतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. या दोघांना थेट जोडणारा लॉक-अप क्लच बसलेला नसतो तेव्हा त्यातलं ऑइल घुसळत राहतं आणि वाया गेलेली ताकद उष्णता होऊन त्याच ऑइलमध्ये उतरते. पुणे रोडला टॉपमध्ये एका वेगाने चाललेल्या गाडीत हा क्लच बसलेला असतो, त्यामुळे ती फार तापत नाही. तापते ती तुळजापूरच्या घाटात गिअर खालीवर होताना, सात रस्त्याच्या गर्दीत रांगताना, आणि सगळ्यात जास्त बांधावर ट्रेलर मागे घेताना. मे महिन्यात बाहेरची हवाच ४२ अंशांवर असते, त्यात एसी चालू. म्हणजे गार करायला येते ती हवाही तापलेलीच.

ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांत राहिलं तर काळजी नाही. ११० च्या पुढे वारंवार जात असेल तर ते झपाट्यानं खराब होतं, १२० च्या वर सील कडक व्हायला लागतात, आणि त्याहूनही बरंच तापलं तर क्लच प्लेटांवरचं अस्तर जळतं. म्हणून कूलरच्याही आधी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर गिअरबॉक्सचं तापमान बघा. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याचा असतो, त्यावर विसंबू नका. भर उन्हात, भरल्या ट्रेलरसह आकडा शंभराच्या आत राहत असेल तर कूलरचीही गरज नाही.

आता किटबद्दल. बाजारात दोन जाती मिळतात: नळी-पात्याचा आणि प्लेटचा. नळी-पात्याचा स्वस्त असतो, पण तेवढ्याच जागेत बराच कमी काम करतो. प्लेटचाच घ्या. हेडन, डेरेल, बी अँड एम या अमेरिकी कंपन्यांचे युनिव्हर्सल किट मागवता येतात. युनिव्हर्सल किटमध्ये साधारणपणे कूलर, ३/८ इंची होज, क्लॅम्प आणि बसवण्यासाठी नायलॉनच्या काड्या असतात. या काड्या रेडिएटरपुढच्या एसी कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर टांगायचा, अशी पद्धत. आमची पहिली नापसंती इथेच. आपल्याकडचे खड्डे आणि गतिरोधक बघता कूलर हलत राहतो, काडी जाळीला घासते आणि एक दिवस एसीचा गॅस जातो. रेडिएटरचं काम करणाऱ्याकडून पट्टीचा ब्रॅकेट करून घ्या. तो पुढच्या क्रॉस मेंबरला (आडव्या पट्टीला) रबर वॉशर घालून आवळा, आणि कूलर व कंडेन्सरमध्ये बोटभर अंतर ठेवा. तोंडं वर किंवा बाजूला हवीत. खाली ठेवली तर आत हवा अडकते.

दुसरी गोष्ट होजची. किटमधला होज कमी पडला की फिटर डिझेलचा पाइप जोडतो. तो या ऑइलला आणि या उष्णतेला टिकत नाही, फुगतो. ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करून देणाऱ्या दुकानातून करून घेतला तर दाबाचा प्रश्नच उरत नाही, पण त्या साध्या आर-१ पाइपची मर्यादा १०० अंशांचीच असते. जास्त तापमानाचा ग्रेड नावानिशी मागा. स्क्रूच्या पट्टीवाल्या क्लॅम्पऐवजी कडा वळवलेले फ्युएल इंजेक्शनचे क्लॅम्प वापरा. होज नळीवर इंचभर तरी चढला पाहिजे आणि कुठेही दुमडता कामा नये. नळी चेपली तर ऑइलचा प्रवाह घटतो, म्हणजे आतल्या बेअरिंगला मिळणारं वंगणही घटतं. घरचा कूलर लावून गिअरबॉक्स बिघडला असं ऐकू येतं, त्यात दोष पुष्कळदा कूलरचा नसून या दुमडलेल्या पाइपाचा असतो.

जोडणी परतीच्या लाइनमध्ये करा: गिअरबॉक्सकडून ऑइल आधी कंपनीच्या मूळ कूलरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, मग परत गिअरबॉक्सला. मूळ कूलर काढून टाकायचा सल्ला काही जण देतात. त्यामागे भीती असते ती रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी आणि ऑइल एक होण्याची. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडरसारख्या काही गाड्यांमध्ये हे बरंच झालं. ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसायचं. पण त्या मोजक्या मॉडेलांचा धसका घेऊन सगळ्यांनी तो कूलर तोडायची गरज नाही. तो सकाळी ऑइल लवकर कोमट करतो, ते गिअरबॉक्सच्या फायद्याचंच आहे.

ऑइलमध्ये काटकसर नको. हायलक्सला टोयोटा डब्ल्यूएस, इसुझूला मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. लाल दिसतं म्हणून ड्रमातलं डेक्स्रॉन (दुसऱ्या जातीचं गिअरबॉक्स ऑइल) ओतणारे गॅरेज अजून आहेत, तिथून गाडी परत आणा. ड्रेन प्लग उघडल्यावर सगळं ऑइल निघत नाही, निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहतं. त्यामुळे थोडी गाडी चालवून दोन-तीनदा काढा-भरा करावं लागतं. पॅन उतरवलाच तर चुंबक बघा. त्यावर राखाडी चिखल असणं साहजिक आहे, पण चकचकीत कपचे किंवा जळका वास असेल तर कूलरचे पैसे थांबवा आणि आधी गिअरबॉक्स दाखवा.

लेव्हल तपासणं हा सगळ्यात चुकणारा भाग. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून दांडा हळूहळू फिरवून पी वर, आणि मग ओव्हरफ्लो प्लग उघडायचा. धार थांबून थेंब पडायला लागले की बंद. पण हे मॅन्युअलमध्ये दिलेल्या ऑइलच्या ठरावीक तापमानातच करायचं असतं. ऑइल त्याहून गरम असेल तर ते फुगलेलं असतं, जास्तीचं वाहून जातं आणि गार झाल्यावर लेव्हल कमी भरते. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये उभ्या गाडीचं ऑइलच चाळिशीत असतं, तपासायला वेळच उरत नाही. हे काम सकाळी सातला करणाऱ्या फिटरकडे गाडी द्या. नव्या कूलर-होजमध्ये साधारण पाव ते अर्धा लिटर जादा ऑइल मावतं, तेवढं धरून आणा.

कूलरच्या मर्यादाही आहेत. शेतात पाच-दहाच्या वेगात समोरून वारा नसतो, फक्त इंजिनच्या पंख्याची ओढ असते, त्यामुळे तिथे फरक थोडाच पडतो. अशा वेळी फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाका: कन्व्हर्टर कमी घसरतो, उष्णता मुळातच कमी होते. हे मातीतच, कोरड्या डांबरावर नको. घाटात मॅन्युअल मोडमध्ये चौथ्याला अडकवून ठेवा, म्हणजे पाचवा-सहावा अशी चुळबुळ थांबते. सिग्नलला उभं असताना एसी थोडा कमी गार वाटतो, ती कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे बसवल्याची किंमत. उसाच्या हंगामात पाचटाचा कचरा जाळीत बसतो. तो साध्या पाण्याच्या धारेने काढा, प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

लॉक-अप किट कन्व्हर्टरला हव्या त्या वेळी लॉक ठेवतं, उष्णता खरंच घटते. पण हायलक्स ऑटोमॅटिकचं २.८ लिटर इंजिन ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. चढाला पूर्ण लोडवर लॉक ठेवलं तर तो सगळा भार एका पातळ क्लचवर येतो. हा क्लच गेला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आमच्याकडून या किटची शिफारस नाही.

ऑस्ट्रेलियात या दोन्ही गाड्यांना ३५०० किलोपर्यंत ओढायची मुभा आहे, हे सांगून कोणी भुलवेल. तो आकडा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा. बिनब्रेकच्या ट्रेलरला तिथे ७५० किलोच. दोन हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दोन टन. ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कूलर बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी 'चालतंय की' वर जाऊ नका.