लेसर आवरणारी निळसर फिल्म: कॅमेऱ्याला चालेल, डोळ्याला नाही

आधी निकाल सांगते. लेसरच्या ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या पल्सपासून, म्हणजे क्षणिक झोतापासून, कॅमेऱ्याचा सेन्सर वाचवायचा असेल तर ही फिल्म घ्या. गॉगलऐवजी वापरायचा विचार असेल तर नको.

फिल्म पीएमएमएची, म्हणजे आपलं ॲक्रिलिकच, त्यात थॅलोसायनिन रंग मुरवलेला. हा रंग लाल आणि अतिनील बाजूला भरपूर शोषतो, मधल्या हिरव्याला मात्र वाट देतो. त्यामुळे साध्या उजेडात चित्र नीट दिसतं, थोडी निळी झाक येते इतकंच. गंमत जोरदार पल्स आली की सुरू होते. पल्सचा पुढचा भाग रेणूंना उद्दीपित करतो, त्यातले बरेच ट्रिपलेट या जास्त काळ टिकणाऱ्या उद्दीपित अवस्थेत जातात, आणि तिथे ते मूळ अवस्थेपेक्षा जास्त प्रकाश गिळतात. पल्सची शेपटी तिच्याच डोक्यामुळे अडते! ना बॅटरी, ना शटर. झेड-स्कॅनमध्ये, म्हणजे फिल्म फोकसमधून पुढे-मागे सरकवत आरपार जाणारा प्रकाश मोजला तेव्हा, फोकसपाशी आलेखात दरी स्वच्छ उमटली.

आता खोट. ही करामत तीव्रता प्रचंड असेल तिथेच चालते, म्हणून फिल्म भिंगाच्या फोकसवर ठेवावी लागते. आणि जळतेही नेमकी तिथेच. हाच रंग टोल्युइन या द्रावकात घालून क्युव्हेट (छोटी पारदर्शक कुपी) लावली तर पोळलेलं द्रावण सरकून ताजं पुढे येतं. फिल्मवरचा डाग कायमचा. मी फिल्म एक्स-वाय स्टेजवर, म्हणजे आडव्या-उभ्या सरकणाऱ्या बैठकीवर, बसवली आहे, डाग पडला की जरा सरकवते. टोल्युइनचा वास आणि गळती टळते, त्यापुढे हा त्रास काहीच नाही.

सतत चालणाऱ्या लेसरवर भिस्त नको. तिथे मुख्यतः उष्णतेने किरण फाकतो, मागे बारीक छिद्र लावलं तरच फायदा. पीएमएमए साधारण १०५ अंश सेल्सियसला मऊ पडतं, आणि रंगही विटतो.

गडद फिल्म मागवायचा मोहही टाळा. रंग जास्त झाला की रेणू एकमेकांना चिकटतात, नुसता काळपटपणा वाढतो.

माहितीपत्रकावरचे ‘लेसर सेफ्टी’ हे शब्द मात्र मला खटकले. डोळ्यासमोर धरलेल्या फिल्मवर किरण पसरलेलाच असतो, फोकस होतो तो पुढे, डोळ्याच्या भिंगाने. मग फिल्म जागी कशी होणार? नॅनोसेकंदाच्या दृश्य पल्सची बाहुलीतून जाऊ द्यायची सुरक्षित ऊर्जा एक मायक्रोजूलसुद्धा नाही. घेताना विक्रेत्याकडे तुमच्या पल्सच्या कालावधीला मोजलेला आलेख मागा: आत किती ऊर्जा, बाहेर किती. आणि फिल्म बसवतानाही गॉगल डोळ्यांवरच ठेवा.