उठलेल्या गावांची वाट: वासोटा की प्रचितगड?

सह्याद्रीत चालताना गर्द रानात मध्येच फणसाची दोन-तीन जुनी झाडं एका ओळीत दिसली, की थांबून आजूबाजूला बघावं. फणस असा ओळीत आपोआप उगवत नाही. जरा पाचोळा बाजूला केला की घराचं जोतं लागतं, खांबाखालचे तळखडे लागतात. तिथे गाव होतं.

अशी गावं ज्यांना बघायची आहेत आणि हाताशी एकच शनिवार-रविवार आहे, त्यांच्यापुढे बहुधा दोन नावं येतात: कोयनेच्या खोऱ्यातला वासोटा किल्ला आणि चांदोलीच्या कड्यावरचा प्रचितगड. दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या रानात. मला दोन्ही प्रिय आहेत, पण ते एकाच माणसासाठी नाहीत.

आधी गावं का उठली ते माहीत असावं, कारण दोन्हीकडची गोष्ट वेगळी आहे. कोयनेचं धरण 1964 साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाने, म्हणजे शिवसागराच्या पाण्याने, खोऱ्यातली गावं, भातखाचरं, देवळं पोटात घेतली. काही माणसं वरच्या उतारावर सरकली, कितीतरी जणांना सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे जमिनी देऊन पाठवलं. पुढे 1985 साली कोयना अभयारण्य झालं आणि काठावर उरलेल्यांपैकीही काही गावं हलली. चांदोलीत मात्र मुख्य कारण जंगलच. तेही 1985 साली अभयारण्य झालं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतली गावं टप्प्याटप्प्याने बाहेर काढली गेली. 2010 साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे एकीकडे आधी पाणी आलं, दुसरीकडे थेट रान.

वासोट्याला जायचं तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, साधारण 40 किलोमीटर. तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची, ओळखपत्राची प्रत द्यायची आणि होडी ठरवायची. होडी अख्खीच ठरते, माणशी नाही. त्यामुळे दोघंच असाल तर तिथे आलेल्या दुसऱ्या गटाशी बोलून घ्या, तेही सोबत शोधतच असतात. सव्वा-दीड तास पाण्यावरून गेल्यावर मेट इंदवलीच्या काठाला उतरायचं. चौकीवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात आणि परतल्यावर त्या मोजून दाखवल्या की पैसे परत देतात. मला हा नियम मनापासून आवडतो.

मेट इंदवली हेच उठलेलं गाव. नुसत्या नावातही इतिहास आहे: गडाच्या पायथ्याशी पहाऱ्याची वस्ती असते तिला मेट म्हणतात. वाट या गावठाणातूनच रानात शिरते. लोक होडीतून उतरतात आणि घड्याळ बघत गडाकडे पळतात, कारण संध्याकाळी परतायचं असतं. तिथे अर्धा तास काढाच. एका जोत्याशेजारी मला गवतात जात्याची खालची तळी दिसली होती. मधलं खुंट्याचं भोक पाचोळ्याने भरलेलं आणि दगड एका बाजूने जास्त झिजलेला. म्हणजे दळणारी बाई रोज त्याच अंगाला बसत असणार. मी ती तळी हलवली नाही, तुम्हीही हलवू नका. पुढे ओढ्याजवळ मारुती आणि गणपती आहेत. माणसं गेली तरी देव अजून गावाच्या वेशीवर आहेत, त्यांना शेंदूर लागतो.

तिथून दोन-अडीच तासांची सलग चढण आहे. धापा लागतात, पण अवघड जागा नाही. शिवसागराचं पाणीच समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे डोंगराचा अर्धाअधिक चढ होडीत बसण्याआधीच संपलेला असतो. वाटेत नागेश्वराचा, म्हणजे गुहेतल्या महादेवाच्या ठाण्याचा, फाटा लागतो. एका दिवसात गड आणि नागेश्वर दोन्ही करायचा हट्ट धरू नका, गावठाण बघायचं राहून जातं. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा आणि शेवटी बाबूकडा. तिथून समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर आणि खाली थेट कोकण. गडावर मुक्कामाला बंदी आहे. मुक्काम बामणोलीकडे करा, आणि गाववाल्यांच्या घरी जेवायला मिळालं तर ते सोडू नका.

प्रचितगडाचं सगळंच उलट. संगमेश्वरहून कसबा, नायरी करत शृंगारपूर गाठायचं. हे येसूबाईंचं माहेर, संभाजीराजांचाही इथे मुक्काम होता. गाव कोकणात, गड घाटमाथ्याला चिकटलेला, म्हणजे पूर्ण चढ पायांनीच चढायचा. चार तास धरा. मुरमाड घसरण आहे आणि शेवटी लोखंडी शिडी. उंचीची भीती असलेल्याने इथे येऊ नये, हे स्पष्ट सांगतो. शृंगारपुरातला वाटाड्या घेतल्याशिवाय निघू नका, रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की सरावलेला माणूसही चुकतो. गडावर भवानीचं देऊळ, टाकी आणि तोफा आहेत. गर्दी जवळपास नाहीच.

आणि गावं? इथे निर्णय ठरतो. प्रचितगडावरून पूर्वेला चांदोलीचं रान पसरलेलं दिसतं. रुंदीव, गोठणे अशी गावं याच रानातली. पूर्वी डोंगरभटके तिथून पुढे पाथरपुंज, भैरवगडाकडे जायचे, रात्री गावात पाठ टेकायचे. आता तो व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राचा, म्हणजे अगदी आतल्या राखीव रानाचा, भाग आहे आणि तिकडे उतरायचं नसतं. गव्यांना, अस्वलांना ती जागा पाहिजे आणि त्यासाठीच माणसांनी घरं सोडली आहेत. मग आपण हौसेपोटी आत घुसणं मला पटत नाही. प्रचितगडावरून गाव दिसत नाही, गावाची जागा दिसते. रानात एखादा पट्टा जरा फिकट, जरा सपाट असतो. वाटाड्या बोट दाखवून सांगतो की तिथे शेती होती.

त्या गावांची माणसं बघायची असतील तर ती खाली आहेत. देवरुखच्या बाजूला पाटीवर गावाच्या नावापुढे ‘पुनर्वसन’ लिहिलेलं दिसतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना वरच्या रानातला एकेक पाणवठा नावाने ठाऊक असतो.

तेव्हा गावठाणाच्या मातीवर उभं राहायचं असेल, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलं किंवा साठीचे पण चालते आईवडील असतील, तर वासोटाच. खर्च होडीचा आणि परवानगीचा, गट मोठा असला की हलका पडतो. पाय भक्कम आहेत, दोन दिवस आहेत आणि दिवसभर दुसरं माणूस दिसलं नाही तरी चालणार असेल, तर प्रचितगड. फक्त निघण्याआधी वनखात्याकडे वाट सुरू आहे का आणि मुक्काम करता येतो का, ते विचारून घ्या. पावसाळ्यात दोन्ही विसरा. पाऊस सरता सरता गेलात तर जळवांसाठी हळद-मीठ जवळ ठेवा.

वासोटा ठरला तर महिना विचार करून निवडा. डिसेंबरात हवा छान असते, पण पाणी काठोकाठ असतं आणि शनिवार-रविवारी गर्दी. एप्रिलमध्ये ऊन लागतं, मात्र पाणी उतरलेलं असतं. काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यात खाचरांचे जुने बांध एकाखाली एक पायऱ्यांसारखे पाण्यात उतरत गेलेले दिसतात. मी एप्रिल निवडेन.