पॉवरडाउन की एनेबल? सेन्सर ड्रायव्हरमधल्या उलट्यासुलट्या पिना

कॅमेरा सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर (चिप चालवणारा कर्नलमधला कोड) लिहायला घेतला की एका ओळीपाशी हात थबकतो: पिनवर 1 लिहिला, म्हणजे चिप झोपली की जागी झाली?

ओम्निव्हिजनचे दोन सेन्सर बघा. ओव्ही5640 ची पिन पीडब्ल्यूडीएन, म्हणजे पॉवरडाउन. हाय केली की चिप झोपते. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘पॉवरडाउन-जीपीआयओज’ (जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने हाय-लो करता येणारी पिन), ॲक्टिव्ह-हाय: वायर हाय असताना नावातली गोष्ट लागू. सरळ मामला. ओव्ही5645 ची पिन मात्र पीडब्ल्यूडीएनबी. शेवटचा ‘बी’ म्हणजे उलटी: लो केली की झोप. तिथे मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या मूळ अधिकृत कोडमध्ये) नावच ‘एनेबल-जीपीआयओज’ ठेवलं आणि पोलॅरिटी, म्हणजे सिग्नल सरळ की उलटा, ॲक्टिव्ह-हाय. ‘पॉवरडाउन, ॲक्टिव्ह-लो’ लिहिलं असतं तरी वायरवर तसूभर फरक पडला नसता.

‘एनेबल’ कोडमध्ये वाचायला सोपं, 1 म्हणजे चालू. पण सर्किटचा नकाशा उघडून बसलेला माणूस पीडब्ल्यूडीएनबी शोधतो, आणि वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरचीही एनेबल पिन असली तर गोंधळ ठरलेला. मी नवीन ड्रायव्हरमध्ये पिनचं नाव जवळ करतो, म्हणजे ‘पॉवरडाउन’.

नावापेक्षा महत्त्वाचं हे की पोलॅरिटी डिव्हाइस ट्रीतच असावी. पिनच्या आकड्यांवर चालणारं कर्नलचं जुनं जीपीआयओ एपीआय थेट वायरची पातळी लिहायचं. नवं, डिस्क्रिप्टरवालं तार्किक मूल्य घेतं: 1 म्हणजे नावातली गोष्ट लागू, वायर हाय की लो ते डिव्हाइस ट्रीतली पोलॅरिटी ठरवते. बोर्डवाल्याने मध्ये ट्रान्झिस्टर टाकून सिग्नल उलटवला, तर फक्त एक फ्लॅग बदलायचा, ड्रायव्हरला हात लावायचा नाही.

याच्या उलट उदाहरण सोनीच्या आयएमएक्स219 चं. त्याची एक्ससीएलआर ही रिसेटची पिन लो असताना चिप रिसेटमध्ये असते, पण ड्रायव्हर रिसेट सोडवायला 1 लिहितो. म्हणजे डिव्हाइस ट्रीत नाइलाजाने ॲक्टिव्ह-हाय लिहावं लागतं. आता सुधारायला गेलात तर लोकांच्या बोर्डांवरच्या जुन्या डिव्हाइस ट्री बंद पडतील. तिथून कॉपी-पेस्ट करू नका.

मी केलं होतं. चिप आयडी वाचला जाईना, चिपशी बोलायच्या आयटूसी तारांवर उत्तरच नाही. संध्याकाळभर क्लॉकला शिव्या घातल्या. शेवटी मल्टिमीटर लावला, तर पॉवरडाउन पिनवर व्यवस्थित 2.8 व्होल्ट. जीपीआयओ मागताना मी ‘आउट-हाय’ दिलं होतं, उद्देश चिप जागी ठेवण्याचा. ते हायदेखील तार्किकच असतं, वायरवरचं नव्हे. ॲक्टिव्ह-लो पिनला तेच दिलं असतं तर मीटरवर शून्य दिसलं असतं, आणि चिप तरीही झोपलेलीच.