दहा-बारा वर्षांनी कोडिंगकडे परतताना: जावा, पायथॉन की जावास्क्रिप्ट?

२०१२-१३च्या आसपास तुम्ही जावात बऱ्यापैकी काम केलंय. मग बाळंतपण, बदली, घरचा धंदा, नाहीतर प्रमोशन मिळून नुसत्या मीटिंगा आणि एक्सेल शीट, असं काहीतरी झालं आणि कोडिंग सुटलं. आता परत यायचंय. जुन्या जावावरची धूळ झटकायची, सगळे म्हणतात म्हणून पायथॉन शिकायची, की वेबसाठी जावास्क्रिप्ट धरायची?

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तो वजा धरता येईल. नोकरीसाठी परतत असाल तर जावा. स्वतःच्या रोजच्या कामातली हमाली कमी करायची असेल तर पायथॉन. जावास्क्रिप्टकडे मात्र, स्क्रीनवर एखादं बटण नीट बसवण्यात ज्याचा तास मजेत जातो, त्यानेच वळावं.

शिकायला सोपी कुठली, यावर पूर्वी हा निर्णय व्हायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्याआधी त्याच वर्षी कोड सुचवणारं गिटहब कोपायलट सर्वांसाठी खुलं झालं होतं, आणि कोड लिहून मिळणं स्वस्त झालं. महाग झालंय ते आलेल्या कोडमधली खोट ओळखणं. ती तुम्हाला कुठल्या भाषेत दिसेल, हे बघून ठरवा.

जावा: ओळखीचं घर, पण भिंती हलवलेल्या

जावा ६ डिसेंबर २००६ ची, जावा ७ जुलै २०११ ची. मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली होती. तुमच्या डोक्यात हाच वेग बसलेला असणार. २०१७ च्या जावा ९ नंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. आकडे बघून दचकू नका. कंपन्या दीर्घ सपोर्टवाल्या आवृत्त्यांवरच थांबतात: ८, ११, १७, २१ आणि २०२५ मध्ये आलेली २५. शिकायला २१ घ्या. नोकरीत बसल्यावर समोर ८ आली तरी आश्चर्य मानू नका. बँका आणि विम्याच्या प्रोजेक्टांत ती अजून भरपूर चालते.

जे टिकलं ते बरंच आहे. क्लास, इंटरफेस, कलेक्शन, एक्सेप्शन, जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं इंजिन), आणि शेजारी डेटाबेसची एसक्यूएल. हॅशमॅपची की म्हणून वापरायच्या क्लासमध्ये कुणी इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड विसरलं, तर तुम्हाला आजही खटकेल. आता तेच काम रेकॉर्ड नावाचा प्रकार करतो (जावा १६ पासून): एका ओळीत फील्ड सांगायचे, इक्वल्स, हॅशकोड आणि टूस्ट्रिंग आपोआप मिळतात. तुम्ही ज्या गेटर-सेटरांच्या पानंच्या पानं एक्लिप्सकडून काढून घेत होता, त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी या एका ओळीने घेतली आहे.

खरी उडी आहे ती मार्च २०१४ च्या जावा ८ ची. यादीचं सॉर्टिंग करायला कम्पॅरेटरचा निनावी क्लास लिहायचा, त्यात कम्पेअर मेथड, त्यात इफ-एल्स, हे सगळं लॅम्डामुळे, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या छोट्या फंक्शनमुळे, एका ओळीवर आलं. स्ट्रीम, म्हणजे यादीवर एकामागून एक क्रियांची साखळी लावायची पद्धत, सुरुवातीला उलटे वाटतात, कारण आपला हात फॉर लूपवर बसलेला असतो. त्यांना वेळ द्या, मुलाखतीत हमखास विचारतात. तारखांचा जुना छळ मात्र खरोखर संपला. जुन्या डेट क्लासला वर्ष २०१३ दिलं की तो त्यात १९०० मिळवून ३९१३ साल काढायचा आणि जानेवारीला शून्यावा महिना म्हणायचा. जावा ८ मधल्या नव्या लोकलडेटमध्ये २०१३ म्हणजे २०१३ आणि जानेवारी म्हणजे १. अशा बारीक गोष्टींनी परतणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

भाषेपेक्षा जास्त बदललंय ते तिच्या भोवतीचं. स्ट्रट्स १ या जुन्या वेब फ्रेमवर्कचा सपोर्ट २०१३ मध्येच संपला. स्प्रिंगच्या लांबच लांब एक्सएमएल फायलींची जागा २०१४ पासून स्प्रिंग बूटने घेतली. पूर्वी वॉर फाइल बनवून टॉमकॅटच्या फोल्डरात टाकायची. आता टॉमकॅट तुमच्या जार फायलीच्या पोटातच असतो. प्रोजेक्ट बिल्ड करायला अँट जाऊन मेव्हन किंवा ग्रेडल आलं. आणि एक खड्डा ज्यात जवळपास प्रत्येक जण पडतो: जावा ईई (मोठ्या कंपन्यांच्या कामाची जावा) ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली तेव्हा नाव वापरायचा हक्क सोबत गेला नाही, म्हणून ‘जावाएक्स’ने सुरू होणारी तिची पॅकेजं ‘जकार्ता’ या नावावर गेली. २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला जकार्ताच लागतं. त्यामुळे २०१८ चा एखादा चांगला ट्युटोरियल जसाच्या तसा उतरवला तर पहिल्या इम्पोर्टलाच लाल रेघ येते, आणि आपण इतकं विसरलो की काय असं वाटायला लागतं. दोष ट्युटोरियलच्या वयाचा असतो.

एआयची कसोटी इथेच लागते. एआय असिस्टंटने शिकलेलं साहित्य दोन्ही काळांतलं असल्यामुळे तो अधूनमधून एकाच उत्तरात अर्धा जावाएक्स आणि अर्धा जकार्ता वाढून ठेवतो. नवख्याला ते कळत नाही, तो तासभर त्याच्याशीच वाद घालत बसतो. तुम्हाला कुठे बघायचं ते माहीत असतं. तुमची जुनी दहा वर्षं बाजारात किती उपयोगी, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

खर्चाची चौकशीही बरेच जण करतात. ओरॅकलने २०१९ मध्ये परवान्याचे नियम बदलल्यापासून लोक घाबरलेले आहेत, पण ओपनजेडीकेच्या, म्हणजे जावाच्या ओपन सोर्स रूपाच्या, फुकट आवृत्त्या आहेत. त्यातली एक्लिप्स टेम्युरिन उतरवून घ्या आणि विषय संपवा.

पायथॉन: आत जायला सोपी, गर्दीही तिथेच

महाविद्यालयात किंवा ऑफिसात कधीतरी पायथॉनला हात लावला असेल, तर ती पायथॉन २ असण्याची शक्यता मोठी. तिचा अधिकृत शेवट १ जानेवारी २०२० ला झाला. प्रिंटला कंस लागतात हा फरक सगळे सांगतात. मराठीत काम करणाऱ्याला त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. यूटीएफ-८ फायलीत ‘मराठी’ हा शब्द साध्या अवतरणात लिहून पायथॉन २ ला त्याची लांबी विचारली तर उत्तर १५ यायचं, कारण ती बाइट मोजायची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. पायथॉन ३ सांगते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण मोजतो ३. म्हणजे प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, पण मराठी नावांची यादी वाचताना दर दुसऱ्या ओळीला युनिकोड एरर येण्याचे दिवस गेले. (ही ३ वाली मोजणी भाषेतच बसवलेली हवी असेल, तर ती सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे, इंटल सेगमेंटर नावाने. तिच्या बाजूने एक मुद्दा नोंदवून ठेवतो.)

पायथॉनचं खरं बळ छोट्या कामात आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बारा एक्सेल फायली एकत्र करून कुणाचे किती बाकी ते काढणं, ही पंधरा-वीस ओळींची गोष्ट. पांडाज लायब्ररी त्यासाठी पुरते. जावात हेच करायला बसलात तर प्रोजेक्ट उभा करण्यातच संध्याकाळ जाईल. सीए असाल, शिक्षिका असाल, संशोधनात असाल, कारखान्याचा हिशेब बघत असाल, तर पुढचं वाचू नका, पायथॉन घ्या.

नोकरीच्या बाजूने मी तितका उत्साही नाही. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत आता पायथॉनच शिकवतात आणि डेटा सायन्सच्या क्लासच्या जाहिराती तर रिक्षामागेही दिसतात. चाळिशीत येऊन तुम्ही बाविशीच्या पोरांच्या त्याच रांगेत उभे राहणार, तेही अनुभवाची तुमची जमेची बाजू घरी ठेवून. शिवाय भाषा सोपी असली तरी तिच्या पॅकेजांचं जंजाळ सोपं नाही. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पॅकेजं ठेवायचा स्वतंत्र कप्पा) करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर एकाचं पिप इन्स्टॉल (पॅकेज बसवायची कमांड) दुसऱ्याच्या मुळावर येतं.

जावास्क्रिप्ट: थोडक्यात

तुम्ही गेलात तेव्हा जेक्वेरी ही लायब्ररी होती आणि इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळे ठिगळ लावावे लागायचे. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, तेवढं एक ओझं उतरलं. भाषाही २०१५ च्या सुधारणेनंतर पुष्कळ सुधारली. पण आजूबाजूची फ्रेमवर्कं दमवतात. अँग्युलरजेएस शिकलेल्यांनी २०१६ मध्ये बघितलं की नवी अँग्युलर नुसती नावाने तीच आहे. जुनीचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस बंदच झाला. रिअॅक्टमध्ये २०१९ ला हुक्स (कंपोनंट साध्या फंक्शनने लिहायची सोय) आले आणि क्लास कंपोनंट मागे पडले. नवा प्रोजेक्ट सुरू करायची तिची वर्षानुवर्षांची कमांडही २०२५ मध्ये मोडीत काढली. ज्याच्याकडे दिवसाचे दोनच तास आहेत, त्याने एवढं सगळं कशाला अंगावर घ्यायचं?

घ्यायचंच असेल तर थेट टाइपस्क्रिप्टपासून, म्हणजे टाइपांची जोड दिलेल्या जावास्क्रिप्टपासून, सुरू करा. जावावाल्याला ती लगेच जवळची वाटते. ती घडवणारे अँडर्स हेल्सबर्ग. सी शार्पही त्यांचीच, आणि त्याच्या कितीतरी आधीची टर्बो पास्कलसुद्धा. कॉलेजच्या लॅबमधला तो निळा स्क्रीन आठवत असेल तर हे नाव तुम्ही नकळत ओळखताच.

तिन्हीकडे लागेल ते गिट

गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. भाषा कुठलीही घ्या, त्याच कामाच्या जुन्या एसव्हीएनची सवय मोडावी लागेल. तिथे कमिट केलं की थेट सर्व्हरवर जायचं, म्हणून आपण दिवसभर अडवून ठेवून संध्याकाळी एकदाच करायचो. गिटमध्ये कमिट आपल्याच मशीनवर राहतं, पुश केल्याशिवाय कुणाला दिसत नाही. तेव्हा छोटी-छोटी कमिट करा, वेगळ्या ब्रँचवर करा, मग पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) पाठवा आणि दुसऱ्याने तपासायची वाट बघा. वयाने लहान माणूस आपल्या कोडवर पंधरा शेरे मारतो, हे पचवायला काहींना गिटपेक्षा जास्त वेळ लागतो. शेरे बहुतेक वेळा रास्त असतात.

अडलं तर कुणाला विचारायचं

एआय असिस्टंट रात्री अकरालाही उत्तर देतो, मूर्ख प्रश्नाला हसत नाही, आणि बिनधास्त चुकतो. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासूनचा साठा आहे. तिथे चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर डिसेंबर २०२२ मध्येच बंदी घातली गेली. जुनी उत्तरं शोधायला तो अजून उत्तम. मात्र सर्वांत वरचं उत्तर कधीचं आहे ती तारीख आधी बघा, बरेचदा ते तुमच्याच काळातलं निघतं.

मराठीतून सुरुवात हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे फुकट आहेत. आवृत्त्या जुन्या असू शकतात, पण संकल्पना समजायला आपल्या भाषेतला आवाज बरा पडतो. माणसांत मिसळायचं तर पुण्यात पायथॉनवाल्यांचा गट जुना आहे. पायकॉन इंडिया ही परिषद २०११ ला पुण्यातच झाली होती. अशा भेटींत नोकऱ्यांची खबर कुठल्याही पोर्टलच्या आधी लागते, हे एक कारण मला पुरेसं वाटतं.

एवढं वाचूनही काटा मध्येच अडकला असेल, तर कॉलेजातला तो लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट पुन्हा काढा. पुस्तक देणं, परत घेणं, उशिराचा दंड, एवढंच. असिस्टंटकडून तो एकदा जावा २१ मध्ये लिहून घ्या, एकदा पायथॉनमध्ये. मग त्याच्या चुका शोधा: एकच पुस्तक दोघांना एकाच वेळी गेलं तर काय होतं, दंड मोजताना सुट्टीचा दिवस धरला का, तारीख रिकामी असेल तर काय. ज्या कोडमध्ये न चालवताच तुम्हाला तीन गोष्टी खटकल्या, ती भाषा घ्या. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस वापरा, आणि कोड गिटहबवर टाकायच्या आधी त्यातला पासवर्ड काढा.